होल्डरवरचे व्होल्ट

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरची गिऱ्हाइकं एकच मागणी घेऊन येतात. "मिस्त्री, आंबा घाटात काय दिसंना झालंय बघा. शंभर-नव्वद टाका." अंधारात घाट उतरणाऱ्या माणसाची ही तक्रार खरी असते आणि ती मी कधी हसण्यावारी नेत नाही. पण बल्बाचं खोकं उघडण्याआधी मी मल्टिमीटर काढतो.

कंपनीतून येणारा एच-फोर बल्ब साठ-पंचावन्नचा असतो, म्हणजे अप्परला 60 वॅट आणि डिप्परला 55. दुकानात मिळतो तो मोठा बल्ब 100 आणि 90 चा. आकडा पावणेदोन पटीच्या आसपास गेला म्हणजे उजेडही तेवढाच वाढणार, असं गिऱ्हाईक धरून चालतं. माझ्या मते इथेच सगळा घोळ आहे. बल्बाला पुरते व्होल्ट पोचतात की नाही, हे कुणी बघितलेलंच नसतं.

मोजायचं कसं तेही सांगतो. इंजिन चालू ठेवायचं, डिप्पर लावायचा आणि होल्डर बल्बावरच बसलेला राहू द्यायचा. होल्डर काढून मोजलं तर वायरीतून करंटच वाहत नाही आणि मीटर खोटं समाधान देतो. होल्डरच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथून मीटरच्या पिना हलकेच आत सारायच्या. जुन्या गाडीत बॅटरीवर साडेतेरा दिसतात आणि होल्डरवर जेमतेम बारा. वाटेत गेलेला हा दीड व्होल्ट बारीक वायरीत, स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचच्या झिजलेल्या पॉइंटांत, हिरवट पडलेल्या कपलरमध्ये आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये थोडा थोडा जिरलेला असतो. दीड व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने उतरतो. साडेतेराचे बारा झाले की उजेड जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो.

आता याच वायरीवर शंभर-नव्वद लावला तर काय होतं? करंट वाढतो आणि त्याबरोबर वाटेतली गळतीही वाढते. वायरीत तयार होणारी उष्णता तर तिपटीच्या घरात जाते. पहिले दोन दिवस गिऱ्हाईक खूश असतं. मग स्विचला जळका वास यायला लागतो. प्लॅस्टिकचा होल्डर तपकिरी पडतो, वितळतो आणि बल्बाच्या पायांना असा चिकटतो की तोडूनच काढावा लागतो. रिफ्लेक्टरवरचा चकाकता थर बल्बाच्या वरच्या बाजूला करपतो. एकदा तो थर गेला की कुठलाही बल्ब लावा, उजेड मेलेलाच.

म्हणून माझं पहिलं काम रिलेचं. अप्परला एक, डिप्परला एक. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट रिलेच्या तीस नंबरवर आणायची, सत्त्याऐंशीवरून बल्बाकडे न्यायची. जुना स्विच मग फक्त रिलेची कॉइल ओढतो, बल्बाचा भार त्याच्यावर राहत नाही. होल्डर सिरॅमिकचा. अर्थिंगसाठी बॉडीवरचा रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवडायचा, बोल्ट आवळायचा आणि वर ग्रीस लावायचं. बहुतेक लोक खरवडायचा कंटाळा करतात आणि सगळं केलेलं काम तिथे वाया जातं. एवढं झालं की तोच साठ-पंचावन्नचा बल्ब असा पेटतो की मालक विचारतो, नवीन टाकला का?

काच पिवळी पडली असेल तर ती घासून पॉलिश करायची आणि वर उन्हापासून जपणारा थर द्यायचा, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळी.

एच-फोर बल्ब उजेडात धरून बघा. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी दिसेल. ती वाटी उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागावर पडू देते, म्हणून तो रस्त्याकडे खाली वळतो. स्वस्त बल्बात तार किंवा वाटी मिलिमीटरच्या काही अंशाने सरकलेली असली, तरी तोच उजेड समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवणाऱ्यांचीही बहुतेक वेळा हीच गत होते, कारण रिफ्लेक्टर त्या तारेच्या जागेसाठी बनवलेला असतो.

शिवाय डिप्पर किती लांब पोचणार हे वॅटवर ठरत नाही, फोकसवर ठरतं. हेडलाइट जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर असेल आणि फोकस 10 मीटरला 10 सेंटिमीटर खाली लावला असेल, तर उजेडाची वरची कड 65 मीटरवर रस्त्याला टेकते. नव्वद वॅट टाकले तरी ती कड पुढे सरकत नाही. फक्त बोनेटपुढचा रस्ता लखलखतो, त्याने डोळा दिपतो आणि लांबचं उलट कमी दिसतं. धुक्यात तर आणखी वाईट. जेवढा उजेड जास्त, तेवढी समोरची पांढरी भिंत जाड. तिथे डिप्पर ठेवून सावकाश जाणं हाच उपाय.

शंभर-नव्वदची जागा बंद रस्त्यावरच्या रॅलीत आहे. बऱ्याच खोक्यांवर, हा बल्ब सार्वजनिक रस्त्यासाठी नाही, असं बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. घाटात समोरून मोटरसायकलवर, मागे बायको आणि मधे लेकरू घेऊन येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे चार सेकंद अंधारी आणायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

तेव्हा आपल्या वायरमनकडे जाल तेव्हा आधी बॅटरीवरचे आणि होल्डरवरचे व्होल्ट मोजून दाखवायला सांगा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर निघाला, तर बल्ब आहे तोच राहू द्या आणि पैसे वायरिंगवर घाला.