मिटणारे यंत्र

राजा भोज आणि गंगू तेली यांच्यातल्या अंतरावर भोपाळात बरेच काही मोजले जाते. ‘कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली’ ही म्हण हिंदीची. इथल्या मराठी माणसाच्या तोंडीही ती हिंदीतच येते. आपल्याकडे त्याच कामाला इंद्राचा ऐरावत आणि शामभटाची तट्टाणी आधीपासून जुंपलेली आहेत. झाकण मिटणाऱ्या साध्या मोबाईलचे मोल करायला बसले की या दोन्ही म्हणी आडव्या येतात. एका बाजूला सारे जग दाखवणारा काचेचा पडदा, दुसऱ्या बाजूला थोडी बटणे आणि एक बिजागरी. निकाल आधीच लागलेला असतो. तो चुकीचाच आहे असे मला म्हणायचे नाही. खुपते ते एवढेच की तो काहीही न मोजता लागतो, आणि म्हण मात्र मोजपट्टीसारखी वापरली जाते.

मोजायचेच तर आधी वस्तू बघू. नोकियाचा २६६० फ्लिप भारतात २०२२ साली आला तेव्हा त्याची किंमत ४,६९९ रुपये होती. आत २.८ इंचांचा पडदा, झाकणावर १.७७ इंचांचा दुसरा, १,४५० एमएएचची काढता-घालता येणारी बॅटरी, ०.३ मेगापिक्सेलचा नावापुरता कॅमेरा, ४जी, आणि संकटात दाबायचे एक वेगळे बटण. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये ९९९ रुपयांचा जिओ भारत आला. त्याला झाकण नव्हते, पण यूपीआयने पैसे देण्याची सोय होती. मग वरचे साडेतीन हजारांहून जास्त रुपये कशाचे? कॅमेऱ्याचे नाहीत, वेगाचे नाहीत. थोडे कंपनीच्या नावाचे, थोडे मोठ्या बटणांचे, थोडे दुसऱ्या पडद्याचे, आणि बरेचसे त्या बिजागरीचे. बिजागरी तर या वस्तूतला नाजूक भाग. तिच्यातून जाणारी चपटी वायर दर उघडमिटीला वाकते. जास्त पैसे देऊन लवकर झिजणारा भाग विकत घ्यायचा, हा व्यवहार हिशेबात बसत नाही. १९९६ मध्ये मोटोरोलाचा स्टारटॅक आला तेव्हा घडी ही ऐट होती आणि फोन खिशात मावण्याची युक्तीही. भारतात २००३ पर्यंत येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, तेव्हा खटकन झाकण मिटून बोलणे संपवण्याला रोकडा अर्थ होता. आज ऐट ओसरली आहे आणि इनकमिंग फुकट आहे. तरीही कोणी झाकणाचे पैसे देतो, तर तो मिटण्याचे पैसे देतो, असेच मानावे लागते. मिटण्याला एवढी किंमत असते का, हे ठरवायला गंगू तेली उपयोगाचा नाही. पण त्याला असा सोडून देणेही जमत नाही.

माळव्यात सांगतात की गंगू तेली हा मुळात तेली नव्हताच. त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव आणि कल्याणीचा चालुक्य राजा तैलप, या दोघांची नावे लोकांच्या जिभेवर एकत्र होऊन त्यांचा ‘गंगू तेली’ झाला. भोजाने दोघांना हरवले म्हणून ही म्हण. ऐकायला छान वाटते, पण कालगणनेपुढे ही व्युत्पत्ती लंगडते. दुसरा तैलप ९९७ च्या सुमाराला वारला, आणि भोज गादीवर आला १०१० च्या आसपास. त्या तैलपाने मारले ते भोजाच्या चुलत्याला, मुंजाला. गांगेयदेव काही काळ भोजाच्या बाजूनेही लढला होता. आणि १०५५ च्या सुमाराला, भोजाच्या अखेरीस, त्याच्या धारा नगरीवर चालून आला तो याच गांगेयदेवाचा मुलगा कर्ण, गुजरातच्या भीमाला सोबत घेऊन. म्हणजे ही व्युत्पत्ती खरी मानली, तर म्हणीने एका लढाईचा निकाल कायमचा गोठवला आणि पुढच्या पिढीत पारडे फिरले त्याची दखल घेतली नाही. दुसरी कथा आपल्या पन्हाळ्याची. किल्ल्याची भिंत उभी राहत नव्हती, म्हणून पायात गंगू तेलीण गाडली गेली, अशी ती दंतकथा. तिथला भोज वेगळा, शिलाहारांचा, धारच्या भोजानंतर सव्वाशे वर्षांनी आलेला. पण लोकांनी दोन भोज एक केले आणि म्हणीला पाया मिळाला. ही कथा मला जास्त छळते. तिच्यात राजा आणि तेलीण यांची तुलनाच नाही. तिच्यावाचून राजाची भिंत उभी राहत नाही, एवढेच आहे. त्यातून तुलनेची म्हण निघावी हे विचित्र आहे. तट्टाणीचेही तसेच. शामभटाला शेजारच्या गावात श्राद्धाला जाऊन दिवेलागणीच्या आत परत यायचे असेल, तर ऐरावत त्याच्या काय कामाचा? बांधावर चरणाऱ्या तट्टाणीवर त्याचे भागते. ऐरावताला चारा कोण पुरवणार? वस्तूची लायकी कामावरून ठरवायची की शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या वस्तूवरून, हा प्रश्न दोन्ही म्हणी विचारूच देत नाहीत.

मोजपट्टी मात्र खुद्द भोजाकडेच आहे. ज्याने मोठा तलाव बांधला असे भोपाळ मानते, ज्याचे नाव विमानतळाला आहे, त्याच राजाच्या नावावर ‘समराङ्गणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे. तो छापून सर्वांच्या हाती आला १९२४-२५ मध्ये, बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, गणपतीशास्त्रींच्या संपादनाखाली. त्याचा एकतिसावा अध्याय यंत्रांवर आहे. लाकडी पक्षी, कारंजी, दारावरचे यांत्रिक पहारेकरी असे पुष्कळ काही त्यात येते. पण त्याआधी चांगल्या यंत्राचे गुण सांगितले आहेत, वीसेक. सांधे घट्ट बसलेले असावेत, पण हालचाल आखडू नये आणि ढिलीही पडू नये. यंत्र हलके असावे. आवाज नको तिथे ते निःशब्द असावे, आवाज हवा तिथे तो मोठा निघावा. ते दीर्घकाळ टिकावे. हव्या वेळी त्याने आपले काम दाखवावे, आणि काम संपले की पुन्हा नीट मिटून पहिल्या स्थितीला यावे. या शेवटच्या गुणासाठी ग्रंथात ‘संवृती’ हा शब्द आहे. संवृती म्हणजे झाकणे, मिटणे. सुमारे हजार वर्षांपूर्वी कोणीतरी यंत्राच्या थांबण्याला गुणांच्या यादीत जागा दिली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आजच्या फोनच्या जाहिरातीत तो किती वेळ चालतो ते असते. तो किती नीट थांबतो, हा रकाना नसतो.

ही पट्टी लावली तर झाकणाचा फोन अनपेक्षित गुण मिळवतो, आणि काही गमावतोही. हव्या वेळी उघडतो, बोलून झाले की मिटतो, आणि मिटल्यावर माणसाला पुन्हा उघडण्याचे निमित्त देत नाही. वजन कमी. बॅटरी थकली तर नवी घालता येते, म्हणून टिकाऊपणात तो पडद्याच्या बऱ्याच फोनांना मागे टाकेल. पण बिजागरीत ढिलेपणा शिरला की तेच गुण वजा होतात. त्यावर मराठीत संदेश लिहिणे म्हणजे एकेका अक्षरासाठी तेच बटण पुनःपुन्हा दाबत बसणे. तिथे तो सपशेल आखडतो. यावर कोणी म्हणेल की भोजाची यादी राजवाड्यातल्या खेळण्यांसाठी होती, ती बाजारातल्या फोनला कशाला लावायची? आक्षेप रास्त आहे. त्या अध्यायात एक बाहुली आहे, जी तालात नाचत दिव्यातले तेल संपत येईल तसतसे नवे ओतते. राजाचे मन रमवण्याचेच ते यंत्र. पण त्या बाहुलीच्या भांड्यातले तेल कोणीतरी घाण्यावर गाळलेले होते. खेळण्याचे गुण ग्रंथात आले आणि घाण्याचे आले नाहीत, म्हणून ते गुण घाण्याला लागू पडत नाहीत असे होत नाही. उलट बैलाच्या दृष्टीने विचार केला, तर घाणा वेळेवर थांबणे हा यादीतला पहिला गुण ठरेल.

इथवर आल्यावर दुसरा आक्षेप समोर उभा राहतो आणि तो सहज हलत नाही. फोन मिटून ठेवणे कोणाला परवडते? न्यू मार्केटमधल्या भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड टांगलेला असतो, आणि पुष्कळ साधे फोन तो वाचू शकत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी साध्या फोनवाल्यांसाठी यूपीआय १२३पे सुरू केले. पण फोन लावून, आकडे दाबून पैसे देणे, मागे गिऱ्हाईक खोळंबलेले असताना, किती जणांना जमते? रोजगार हमीच्या सामूहिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी ॲपवर, छायाचित्रासह, सक्तीची झाली. तिथे हजेरी घेणाऱ्या मेटच्या हाती स्मार्टफोन नसेल तर मजुरांचा दिवस भरत नाही. दुसरीकडे निवृत्त अधिकारी साधा फोन बाळगतो, कारण त्याचे तिकीट मुलगा काढतो आणि दवाखान्याची वेळ सून ठरवते. त्याचे झाकण मिटते, कारण घरातले दुसरे दोन पडदे त्याच्यासाठी उघडे असतात. मग मिटण्याचा गुण त्याच्या फोनचा की त्याच्या परिस्थितीचा? मी याचे उत्तर असे देऊ पाहतो, की ज्याला पर्याय नाही म्हणून साधा फोन वापरावा लागतो त्याची गैरसोय हा फोनचा दोष मानू नये. तो भोवतालच्या व्यवस्थेचा दोष आहे. दूरसंचार नियामकाने २३ डिसेंबर २०२४ रोजी कंपन्यांना फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे रिचार्ज द्यायला लावले. म्हणजे न वापरलेल्या डेटाचे पैसे साध्या फोनवाल्याकडून घेतले जात होते हे सरकारदरबारीही मान्य झाले. तरी हे उत्तर मलाच अपुरे वाटते. व्यवस्था बदलेपर्यंत मजुराने झाकणाच्या गुणांवर समाधान मानावे असे त्यातून निघते, आणि ते म्हणायला जीभ धजत नाही.

आणि शेवटी तीच यादी माझ्यावर उलटते. आवाज नको तिथे निःशब्द, हवा तिथे मोठा. काम झाले की पुन्हा नीट मिटणारे. भोपाळात बसून हे गुण वाचताना एक यंत्र आठवल्यावाचून राहत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. कारखान्याला भोंगा होता. वस्तीला ऐकू जाणारा भोंगा त्या रात्री थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. किरकोळ गळतीने लोक घाबरू नयेत म्हणून तशी कार्यपद्धतच ठरवलेली होती. आतल्या कामगारांसाठीचा इशारा चालू राहिला. बाहेरचा भोंगा पुन्हा वाजला तेव्हा एका तासाहून जास्त वेळ गेला होता आणि माणसे रस्त्यावर पडू लागली होती. उलट रेल्वे स्थानकावर उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी वेळ होण्याआधीच गोरखपूरची गाडी सोडली आणि आजूबाजूच्या स्थानकांना गाड्या थांबवा म्हणून कळवले. तिथे निरोप पुढे पोचवण्यापलीकडे काही न येणाऱ्या साधनांनीच काम केले. साध्या यंत्राच्या बाजूने मला यापेक्षा मोठा पुरावा सापडत नाही. पण भोंगाही साधेच यंत्र होता. तो नीट मिटला. हव्या वेळी वाजावे आणि मग मिटावे, ही अट त्याने कारखान्याच्या दृष्टीने पाळली. ‘हवी वेळ’ कोणाची, हे भोजाच्या यादीत नाही, आणि मी इतका वेळ तिच्यावर विसंबून बोलत होतो. झाकण स्वतःच्या हातात आहे तोवर मिटणे हा गुण. ते दुसऱ्याच्या हाती गेले की त्याचे काय होते, हे या शहराला माहीत आहे. स्मार्टफोनवाल्याच्या हातात ते आहे का? साध्या फोनवाल्याच्या हातात तरी कितपत आहे?

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम केले, की यापुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये, स्मार्ट असो की साधा, आपत्तीचा इशारा थेट टॉवरवरून घेण्याची सोय हवी. म्हणजे खिशातल्या झाकणाच्या फोनलाही आता एक भोंगा जोडला गेला आहे, आणि तो दाबणारा हात पुन्हा दूर कुठेतरी आहे. झाकण मिटलेले असेल तर बाहेरचा पडदा उरतो, पावणेदोन इंचांचा. ओले फडके तोंडावर धरा, वाऱ्याच्या आडवे चाला: त्या रात्री एवढेच कोणी सांगायला हवे होते. हे सात-आठ शब्द त्या पडद्यावर मावतात की नाही, ते एकदा मोजून पाहायला हवे.