दहा रुपयांचे ११ प्रकार

आमची लेक सात वर्षांची. गेल्या महिन्यात दहाचं नाणं घेऊन पाच रुपयांची पेन्सिल आणायला गेली आणि नाचतच परत आली. “बाबा, एक नाणं दिलं, दोन मिळाली!” दोन्ही नाणी दोन-दोनची. एक रुपया कमी होता. पण राग मला माझाच आला. इथे इंदुरात मी पोहे-जिलेबीचे पैसेही फोननेच देतो. तिने मला नाणी मोजताना पाहिलंच कधी?

आईने देवघरातला चिल्लरचा डबा रिकामा केला. एक, दोन, पाच आणि दहाची नाणी वापरून दहा रुपये किती प्रकारे होतात? मी छोटा प्रोग्राम लिहून उत्तर काढलं: ११. लेक आठवर अडली. आजी म्हणाली, “मोठ्या नाण्यापासून लाव, राणी.” आधी दहाचं एक, मग पाचची दोन, मग पाचचं एकच, शेवटी पाचाशिवाय. चौथ्या दिवशी अकरावा प्रकार सापडला.

परवा ती पुन्हा दुकानात गेली. मी मागे उभा होतो. सुटे मोजून हळूच म्हणाली, “काका, अजून एक रुपया.” काकांनी हसून दिला.

मोजता आलं, म्हणून मागता आलं.