सुट्टीचं कारण

खूप दिवसांत इकडे फिरकले नाही. घरात गडबड चालू आहे. लग्नाबिग्नाची नाही, मुंबईला जायची!

परवा चिरंजीव सेकंड शिफ्ट करून चाकणहून आले, तेव्हा बारा वाजत आले होते. मी आमटी गरम करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, यंदा मी मुंबईच्या प्राइडला जाणार आहे."

"कोणाबरोबर?"

"एकटाच."

"मग मीपण येते."

हे मी विचार करून बोलले असं मुळीच नाही. पण बोलले खरी.

नातेवाईक मंडळींपैकी बरेच जण हे वाचता, म्हणून सरळच लिहिते. माझा मुलगा समलिंगी आहे. आमच्या चौघांत (हे, मी, तो आणि त्याची ताई) हे बोलून झाल्याला आता काही वर्षं झाली. बाकीच्यांना आज कळतंय. ज्यांनी ज्यांनी प्रेमानं स्थळं सुचवली आणि मी "सध्या नाइट शिफ्ट आहे हो त्याची" असली उत्तरं दिली, त्यांनी राग मानू नये. हा मजकूर टाकण्याआधी त्याला वाचायला दिला आहे. त्यानं शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, बाकी काही बोलला नाही.

तर पहिली अडचण सुट्टीची. मोर्चा बहुतेक शनिवारी असतो, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. आणि आमच्याकडे सुट्टी गुरुवारची! पुण्याच्या पाहुण्यांना हे आयुष्यात कधी समजलं नाही, रविवारी हक्कानं टपकतात. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. म्हणजे शनिवारसाठी रजा टाकायची आणि रजेला कारण द्यायचं. तो म्हणाला, "लग्न सांगतो. लग्नसराईत कोणी विचारत नाही." मी हसले. मग लक्षात आलं, याचं अर्ध्याहून अधिक आयुष्य अशी कारणं शोधण्यातच गेलं असणार.

त्याचं स्वतःचं लग्न कायद्यानं होणार नाही, निदान आज तरी. कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं वगळले. पण लग्नाचा प्रश्न आला तेव्हा १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टानं, तो मूलभूत हक्क नाही, संसदेनं काय ते बघावं असं सांगितलं. त्या दिवशी तो फर्स्ट शिफ्टला होता. घरी आला, जेवला, झोपला. मी काही विचारलं नाही, विचारायला हवं होतं. मुंबईच्या पद्मा अय्यर यांनी २०१५ मध्येच आपल्या मुलासाठी पेपरात "वर पाहिजे" अशी जाहिरात दिली होती. मला तेवढं धाडस नाही बाई.

दुसरा प्रश्न मी विचारला, "मुंबई कशाला? मोर्चा पुण्यातही निघतो की. निगडीहून बसनं गेलं की झालं." तो म्हणाला, "पुण्यात कोणीतरी ओळखीचं भेटणारच." हे कारण मला पटलं. मग थोड्या वेळानं तो म्हणाला, "आणि पुण्याच्या मोर्चावर तू काय म्हणाली होतीस ते आठवतं का?"

मला काही आठवेना.

पुण्यातला पहिला मोर्चा डिसेंबर २०११ मध्ये निघाला, बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टनं काढला होता. तेव्हा हा नववीत. पेपरात बातमी होती म्हणे. मी ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "ह्यांना आईबाप नसतात का?" आणि पान उलटलं.

मला खरंच आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, मी तशीच बोलते.

मग त्यानं शेवटी सांगितलं तरी कसं? तर २०२२ मध्ये आमच्या महापालिकेनं तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं, त्याची बातमी वाचून मी "छान केलं हो" असं म्हणाले होते. तेवढ्यावर त्यानं धीर केला. मी मात्र ते दुसऱ्या कुणाच्या तरी मुलांबद्दल म्हणत होते.

असो. आता बेत. सकाळची सिंहगड चिंचवडला पकडायची आणि दादरला उतरायचं. मोर्चा दुपारनंतर, म्हणून परतीला सिंहगड मिळत नाही. दादरहून बस, वाकडला उतरायचं आणि रिक्षा. हे सगळं आमच्या "ह्यां"नी शोधून कागदावर लिहून दिलं. स्वतः येणार नाहीत. सासूबाईंपाशी कोणीतरी हवं, असं म्हणतात. मी जास्त ताणलं नाही.

मुंबईतला पहिला 'क्विअर आझादी' मोर्चा १६ ऑगस्ट २००८ ला निघाला, ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणून आझादी. ३७७ हे इंग्रजांनी १८६० साली लिहिलेलं कलम, म्हणून ब्रिटिश सरकारनं माफी मागावी अशीही मागणी त्यात होती. "भारत छोडो"चं मैदान आणि शेवटी चौपाटीवर टिळकांचा पुतळा! वाट निवडणाऱ्यांना दाद द्यायला हवी. पण मार्ग दर वेळी तोच राहील असं नाही. २०२० मध्ये पोलिसांनी मोर्चाला परवानगी नाकारली आणि आझाद मैदानात नुसती सभा झाली. त्यामुळे तारीख, जागा सगळं जाहीर होईपर्यंत तिकीट काढायचं नाही असं ठरलंय.

चालण्याची मला काळजी नाही. तुकोबांची पालखी दर वर्षी निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामाला जाते, मी इतकी वर्षं तिच्याबरोबर तेवढं तरी चालतेच. काळजी आहे ती फोटोची. सुरुवातीच्या मोर्चांमध्ये कितीतरी जण मुखवटे लावून चालायचे. कंपनीत अजून कोणाला माहीत नाही, म्हणून यानंही टोपी आणि मोठा गॉगल आणून ठेवलाय. मला म्हणाला, "तुलाही एक आणू का?" मी नको म्हटलं. मग म्हणाला, "तू उघड्या तोंडानं आणि मी गॉगल लावून, बरं दिसेल का ते?" यावर दोघांनाही उत्तर सुचलं नाही.

मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे, २०१७ पासूनचा. त्यांच्यातलं कोणी भेटलं तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत, त्यातली पहिली म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तुम्ही कसं सांगितलंत. डब्याला तिखटमिठाच्या पुऱ्या, चार जास्तच नेईन.

तारीख कळली की रजेचा अर्ज जाईल. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर अजून एकमत नाही. मी म्हणते, 'कौटुंबिक कार्यक्रम' लिही, खोटंही नाही. तो म्हणतो लग्नच बरं, लग्नाला दोन दिवस मिळतात.