करिंथकर, पैठणकर आणि काळी करंटी

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी पाचोड पाहिलंय? संभाजीनगरहून बीडकडे एसटीनं निघालात, की आडूळ मागं पडतं आणि मग आमचं गाव येतं. मोसंबीच्या दिवसांत आलात तर नाकालाच कळेल. स्टँडवर उतरायचं, एक मोसंबी सोलून खायची आणि पुढं जायचं, एवढीच बऱ्याच जणांची पाचोडशी ओळख. मुद्दाम बघायला म्हणून इथं कुणी येत नाही, हे मी आधीच कबूल करते. पण आज जी सहल मी तुम्हाला घडवणार आहे ती इथूनच, स्टँडजवळच्या एका आइस्क्रीमच्या गाडीपासून सुरू होते.

झालं असं, की मे महिन्यात सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवून आणलं होतं. नवा चष्मा लागला होता. त्याच्या उत्साहात त्या दिसेल ती पाटी वाचत सुटल्या. आइस्क्रीमच्या गाडीवरची नावंही एकेक करून वाचली आणि एका नावापाशी थबकल्या. "काळी करंटी?" म्हणाल्या. "अगं, खायच्या वस्तूला असलं अभद्र नाव कुणी ठेवतं का?"

पाटीवर होतं 'ब्लॅक करंट'. माझी लेक हसून हसून बेजार. तिनं तोवर करंट म्हणजे विजेचा झटका, असं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. मी पडले अर्धवेळ शिक्षिका. आठवड्यातून चार दिवस मुलांना इतिहास आणि मराठी शिकवते. दोघींनाही बरोबर उत्तर द्यायला हवं, म्हणून घरी येऊन शोधत बसले. आणि काय सांगू, आइस्क्रीमच्या गाडीवरून निघाले ती थेट ग्रीस देशात पोचले!

तिथं कोरिंथ नावाचं फार जुनं शहर होतं. दोन्ही बाजूंना समुद्र आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी, त्यामुळे व्यापार मोठा आणि पैसा अमाप. त्या भागातून बारीक, काळ्या, बिनबियांच्या मनुका युरोपात जायच्या. फ्रेंच लोक त्यांना 'कोरिंथच्या मनुका' म्हणत. इंग्रजांच्या जिभेवर कोरिंथचं घासून घासून 'करंट' झालं. केकच्या जुन्या कृतींत जे 'करंट्स' घालायला सांगतात ना, ते हेच. पुढं युरोपातल्याच एका झुडपाची बारीक फळं दिसायला तशीच म्हणून त्यांनाही तेच नाव चिकटलं. तर आइस्क्रीममधल्या त्या काळ्या फळाचा कोरिंथशी काडीचा संबंध नाही. नाव मात्र कोरिंथचं.

हे सगळं मी रात्री जेवताना सांगितलं, आणि सांगता सांगता म्हणून गेले, "आमच्या पैठणचंही असंच झालंय." तशी सासूबाई आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "झालं हिचं पैठण सुरू!"

पैठण माझं माहेर, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. पाचोडहून एसटीनं तासाभराची वाट. आमचा तालुकाही पैठणच. पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी दर चार वाक्यांनी माझ्या तोंडी पैठण येतं, अशी घरातल्यांची तक्रार आहे. गंमत म्हणजे ही तक्रार कोरिंथकरांबद्दलही होती. ते लोक येता जाता सांगत, की ज्याच्यावरून आमच्या शहराचं नाव पडलं तो कोरिंथ साक्षात झ्यूस देवाचा मुलगा. ऐकून ऐकून शेजारी कंटाळले. मग कुणी तेच तेच पालुपद लावलं, की 'झ्यूसचा कोरिंथ' आला म्हणायची ग्रीकांत रीतच पडली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नाटकातसुद्धा हा टोमणा आहे म्हणे. मला वाचून फार बरं वाटलं.

तर आता माझं पैठण ऐका. थोडं सोसा.

मूळ नाव प्रतिष्ठान. प्राकृतात त्याचं पइठ्ठाण झालं आणि पुढं पैठण. सातवाहनांची ही राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कुणी ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं आपल्या समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव राहिलं नाही, पण आमच्या गावाचं राहिलं. भडोच बंदरातून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असं तो लिहितो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर. धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या भरभरून माल भडोचला जाई. आता सांगा, पैठणहून काय जात असेल? तुम्ही म्हणाल, पैठण्या! छे. पैठणहून जायचे अकिकासारखे पट्ट्यापट्ट्यांचे खडे. कापड जायचं ते तेरहून!

पुढच्या शतकात टॉलेमी नावाच्या भूगोलकारानं 'बैठण' असं लिहिलं, आणि तिथल्या राजाचं नाव दिलं सिरोप्टोलेमाइओस. हा कोण बुवा? तर आपला श्री पुळुमावी, गौतमीपुत्र सातकर्णीचा मुलगा! कानावर आलं 'सिरि पुळुमावी', पण टॉलेमीचं स्वतःचंच नाव ग्रीकमध्ये प्टोलेमाइओस. त्यानं पुळुमावीला आपल्याच नावाचं करून टाकलं. आमच्या सासूबाईंनी करंटची करंटी केली, ती चूक काही फार मोठी नाही, असं मी तेव्हापासून म्हणते.

प्रतिष्ठान हे मूळ नाव आता पैठणपेक्षा इतरत्रच जास्त दिसतं. गल्लोगल्लीच्या तरुणांनी मंडळ काढलं, की त्याचं नाव अमुक अमुक प्रतिष्ठान. गणपतीची वर्गणी मागायला येणाऱ्या मुलाला मी एकदा विचारलं, "प्रतिष्ठान म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "ताई, पावतीपुस्तक असलं की प्रतिष्ठान." बिचारा प्रामाणिक होता.

आणि पैठण हे नाव? ते पदरावर जाऊन बसलं. पुण्यामुंबईच्या बायकांना पैठण नकाशावर दाखवता येणार नाही, पण पैठणी म्हटलं की डोळे चमकतात. कोरिंथबद्दल जुनी म्हण होती, की तिथं जाणं प्रत्येकाच्या नशिबी नसतं, इतकं ते शहर महाग. पैठणीचंही तसंच, एरवी 'खेळ पैठणीचा' ठेवला की एवढ्या बायका कशाला जमल्या असत्या! पण माग कुठं चालतात, तर मुख्यतः येवल्याला, नाशिक जिल्ह्यात. पैठणला शासनाचं पैठणी केंद्र आहे. तिथं मागावर मोर, मुनिया, असावली विणताना तुम्हाला बघता येईल, आणि बघाच. पदराची उलटी बाजू सुलटीइतकीच सुबक असते. खरी पैठणी ओळखायची ती तिथं. (हाताशी जुनी पैठणी असेल तर ती धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा, दर दोनतीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला, आणि डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. माझ्या आईची एक पैठणी घडीवर चिरली, म्हणून जीव तोडून सांगते.)

नाव गावाला सोडून कुठं कुठं जाईल, सांगता येत नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात कोरिंथ नावाचं गाव आहे. दोन रेल्वेमार्ग तिथं एकमेकांना छेदतात, आणि जुनं कोरिंथही वाटांच्या चौकातलं म्हणून हे नाव दिलं. पण मला सगळ्यात आवडलं ते मराठी बायबलमधलं. संत पौलानं कोरिंथच्या लोकांना लिहिलेली दोन पत्रं त्यात आहेत. मराठीत त्यांचं शीर्षक 'करिंथकरांस पत्र'. करिंथकर! जसे पैठणकर, तसे करिंथकर. वाटतं, आपल्याच वाड्यात मागच्या दोन खोल्यांत राहत असतील.

'कर' लागतं ते मात्र पुरुषांच्या आडनावाला. आमच्याकडे बायकांना 'वाली' लागतं. तुमच्याकडेही असेल. सून घरात आली की जुन्या बायका तिला नावानं हाक मारत नाहीत, माहेरच्या गावानं मारतात. सासूबाई आडूळवाली. जाऊ विहामांडव्याची. गल्लीत नवी सून आली ती जळगावकडच्या पाचोऱ्याची, तर पाचोडात पाचोरावाली! दोघांची पार्सलं एकमेकांकडे जातात. आणि मी पैठणवाली. लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनी माझं नवं नाव लिहिलं, जुनं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. गल्लीनं दोन्ही बाजूला ठेवून तिसरंच दिलं. पहिल्या वर्षी राग यायचा. आता पैठणवाली म्हटलं की मान आपोआप वळते.

माझी आजी, वडिलांची आई, कायगाववाली. पुण्याहून संभाजीनगरला येताना गोदावरीचा पूल लागतो, तिथलं कायगाव. जायकवाडी धरणाचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला, आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. पैठणला धरण आणि नाव जायकवाडी, हेही एक कोडंच. मूळचा बेत खाली बीड जिल्ह्यात जायकवाडी गावापाशी बांधायचा होता. जागा बदलली, नाव राहून गेलं. जलाशयाचं नाव नाथसागर, एकनाथ महाराजांवरून. त्या सागरात किती गावांची घरंदारं गेली. आजीच्या माहेरचा मळा गेला, घरही गेलं. माणसं वर सरकली. आज जुने कायगाव आणि नवे कायगाव अशी दोन नावं आहेत.

कोरिंथलाही हेच घडलंय. १८५८ साली भूकंपात गाव कोसळलं, तेव्हा लोकांनी काही मैल सरकून समुद्राकाठी नवं कोरिंथ वसवलं. जुन्या जागेला जुनं कोरिंथ म्हणतात. हे वाचताना मला आजी आठवली, आणि मग पुढचं वाचवेना.

१९७६ नंतर चाळीस वर्षं आजी पैठणला सासरी राहिली, धरणापासून हाकेच्या अंतरावर. नळाला येणारं पाणी धरणाचंच. पण कधी म्हणून तिनं उद्यानात पाय ठेवला नाही. आम्ही शाळेच्या सहलीत कारंजी बघून आलो की ती विचारायची, "पाणी किती आहे गं?" मला वाटायचं, दुष्काळाची काळजी.

२०१६ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेलं. वर्तमानपत्रांत फोटो येऊ लागले, भेगाळलेली जमीन, जुनी बांधकामं. आजी वडिलांना म्हणाली, "मला नेऊन आण." पंच्याहत्तरी उलटलेली, गुडघ्यांनी जवाब दिलेला. जीप केली. मी आणि आमचे हेही गेलो. काठाजवळ गाडी थांबवून पुढं चालावं लागलं. गाळ वाळून त्याच्या लाह्यांसारख्या खपल्या झाल्या होत्या. दगडांची एक ओळ दिसली, कुणाच्या तरी जोत्याची. ते आजीच्याच घराचं होतं का, देव जाणे. आम्हाला तर सगळे दगड सारखेच. पण ती त्याच्यापुढं उभी राहिली, काठीनं एक चौकोन आखला आणि म्हणाली, "इथं चूल." मग चार पावलं टाकून, "इथं न्हाणी. इथं मला मागायला आले होते तेव्हा आईनं उभं केलेलं."

परतीच्या वाटेवर एक मेंढपाळ भेटला. त्यानं विचारलं, "आजी, कुठल्या तुम्ही?" साठ वर्षं पैठणला काढलेली बाई म्हणाली, "कायगावची. जुन्या."

त्याच पावसाळ्यात पाणी पुन्हा चढलं. आजी आता नाही. तिला ओळखणाऱ्या बायका अजून आईला भेटल्या की 'कायगाववालीची सून' म्हणतात.

तुम्ही पैठणला आलात तर नाथांची समाधी, वाडा, नागघाट बघालच. फाल्गुनात नाथषष्ठीला आलात तर पाय ठेवायला जागा मिळणार नाही, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस बरे. एसटीच्या पाटीबद्दल मात्र आधी सांगून ठेवते. जिल्ह्याचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. मलिक अंबरनं वसवलेलं खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि आता हे. म्हातारी माणसं तिकीट काढताना अजून तोंडाला येईल ते नाव सांगतात. कंडक्टर कुणालाही अडवत नाही, बरोबर तिकीट फाडतो.

परवा आइस्क्रीमच्या गाडीपाशी पुन्हा थांबलो होतो. सासूबाईंनी पाटी नीट वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग गाडीवाल्याला म्हणाल्या, "एक त्या पैठणवालीला दे काही पाहिजे ते. आणि मला ती करंटीच दे, बघू तरी कशी लागते."