रंगाचा स्वभाव

तापातून उठल्यावर अंगात त्राण नव्हतं. आनेकलच्या घरी खिडकीशी पडून असायचो. भाच्याने गादीवर ‘मॅजिक : द गॅदरिंग’ची पानं मांडली. रिचर्ड गार्फील्ड यांचा हा १९९३चा खेळ. त्यात पाच रंग. निळा जास्तीची पानं ओढतो, समोरच्याचा मंत्र वाटेतच अडवतो. हिरवा धिप्पाड प्राणी उभे करतो. लाल थेट आग फेकतो. पण एकदा पटावर बसलेली जादू लालला सहसा मोडता येत नाही.

त्या लाल पानाकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. एवढी आग, आणि तरी एका जागी हात टेकलेले. त्याच्याविषयी माया वाटली. का, ते नीट सांगता येणार नाही.

मग सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आठवली. १२० गोल पानं. प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या अवतारांत दहा वरचढ, उरलेल्यांत एक. दिवसा डाव रामाचा, रात्री कृष्णाचा. राम सूर्यवंशी, कृष्ण मध्यरात्री जन्मलेला. मला तरी तो नियम कथेतूनच उगवलेला वाटतो. तिथे दुबळेपणाला जागा आहे का, हा विचार अजून अर्धवटच आहे.

खेळ रचणाऱ्या तरुणांना एवढंच सांगेन: रंगाला काय साधतं हे ठरवाल तेव्हा काय साधत नाही हेही ठरवा. स्वभाव तिथूनच घडतो.