वेलणकरचे हात

'अर्धसत्य'चा विषय निघाला की गप्पा हटकून रामा शेट्टीवर जातात. जाणारच. मराठी रंगभूमीवर मुरलेला, पण हिंदी प्रेक्षकाला जवळजवळ अनोळखी असलेला नगरचा एक नट, सदाशिव अमरापूरकर, 1983 साली पडद्यावर येतो आणि आवाज न चढवता सगळ्यांची झोप उडवतो. तोवर हिंदीतला खलनायक म्हणजे सोन्याची सिगारेट-केस, फिरता जिना आणि गडगडाटी हसू. हा शेट्टी घरात बसावं तसा ऐसपैस बसलेला. त्याच्याच एका जळालेल्या माणसाची जबानी घेऊन सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर त्याला अटक करायला येतो, तर हा एक फोन लावतो. बस्स. वर्दी, पिस्तूल, कायदा, सगळं त्या फोनपुढे फिकं पडतं. अमरापूरकरांना त्या वर्षीचं सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. पुढे 'सडक'मधली महारानी जास्त गाजली, तरी मला विचाराल तर शेट्टीच्या त्या बसण्याला तोड नाही.

पण माझी नजर दर वेळी ओम पुरींच्या हातांकडे जाते.

गोविंद निहलानींनी 1980 च्या 'आक्रोश'मध्ये याच नटाला जवळजवळ मुका ठेवला होता. लहान्या भिकूचं सगळं बोलणं डोळ्यांत होतं. तीन वर्षांनी तोच नट, तोच दिग्दर्शक, पटकथाही पुन्हा विजय तेंडुलकरांची. फक्त या वेळी माणसाला वर्दी दिली आहे, म्हणजे मारायचा परवाना. वेलणकरला राग आला की पुरी आधी ओरडत नाहीत. जबडा आवळला जातो, मान किंचित पुढे येते आणि हात कुठे ठेवायचे हेच त्यांना सुचत नाही. देवीच्या व्रणांचा तो चेहरा एरवी नायकाला चालला नसता. इथे मात्र त्याच्याशिवाय चालत नाही. 'जंजीर'मधला इन्स्पेक्टर विजय खुर्चीला लाथ मारतो तेव्हा आपल्याला ठाऊक असतं, हा जिंकणार. वेलणकरबद्दल अशी खात्री एकदाही वाटत नाही.

हे हात त्याला वडिलांकडून मिळालेत. अमरीश पुरींनी रंगवलेला हा बाप पोलिसातूनच निवृत्त झालेला, आणि बायकोवर हात टाकायला त्याला निमित्तही लागत नाही. पोरगं ते बघत उभं राहायचं. पुढे त्याला शिकायचं होतं, बापानं पोलिसात ढकललं. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून उभा राहिलेला हा चित्रपट लोक पोलीस आणि राजकारणाचा म्हणून बघतात, ते चूक नाही. मला मात्र तो आधी घरातल्या मारहाणीचा वाटतो. तेंडुलकरांनी सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप घेऊन हिंसेचाच अभ्यास केला होता, आणि त्याच्याही आधी 'गिधाडे' लिहून झालं होतं. हिंसा चौकीत जन्मत नाही, ती डबा घेऊन घरून निघते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणून चित्रपटातला सगळ्यात भयंकर प्रसंग शेट्टीचा नाही, ट्रान्झिस्टर चोरणाऱ्या भुरट्याचा आहे. वरून दाबलेला, जिवावर उदार होऊन पकडलेल्या डाकूचं श्रेय दुसऱ्यानं पळवलेलं, दारूत बुडत चाललेला वेलणकर त्या चोराला तुडवतो, आणि तो चोर कोठडीत मरतो. ज्याला हात लावता येत नाही त्याच्यावरचा राग, ज्याला लावता येतो त्याच्यावर निघतो. त्या वेळचा ओम पुरींचा चेहरा बघवत नाही, कारण त्यात सुटका झाल्याचा आनंदही आहे. नसिरुद्दीन शाहांचा निलंबित, रस्त्यावर भीक मागणारा लोबो आपण आधीच पाहिलेला असतो. वेलणकरची पुढची वाट कुठे जाते हे वेगळं सांगावं लागत नाही.

स्मिता पाटीलवर मात्र अन्याय झालाय. तिची ज्योत्स्ना गोखले प्राध्यापिका, विचार करणारी बाई. तीच त्याच्या हातात कविता ठेवते, दिलीप चित्र्यांची, जिच्यावरून चित्रपटाला नाव मिळालं. ती वाचताना वेलणकरचा आवाज हळूहळू बसत जातो आणि स्मिता नुसती ऐकते. त्या ऐकण्यात ती केवढं करते! पण उत्तरार्धात पटकथा तिला बाजूला सारते. तेंडुलकरांकडून ही अपेक्षा नव्हती.

शेवटी निलंबित वेलणकर मदत मागायला शेट्टीच्याच दारात जातो. शेट्टी तयार असतो, फक्त माणूस विकत हवा असतो. आणि वेलणकर त्याचा गळा दाबतो. इथे थिएटरात टाळ्या पडायच्या. मला त्या कधी पटल्या नाहीत. ज्या हातांनी चोर मेला त्याच हातांनी शेट्टी मेला. दोन्ही वेळा बापच जिंकला. फरक पडतो तो पुढच्या मिनिटाला. वेलणकर चौकीत जाऊन आपण खून केल्याचं सांगतो. अनेकांना हा शेवट हरल्यासारखा वाटतो, गुंड मारला तर तुरुंगात कशाला जायचं म्हणून. पण त्याच्या बापाला उभ्या आयुष्यात एका थपडेचाही जाब कुणी विचारला नव्हता, आणि त्यानं तो स्वतःहून कधी दिला नसता.