द्वादशीचा मुक्काम

माउलींच्या पालखी सोहळ्यात पहाटे कर्णा वाजतो. पहिल्याला वळकट्या बांधायच्या, दुसऱ्याला दिंडीत उभं राहायचं, तिसऱ्याला वाट धरायची. सासवडला मात्र द्वादशीच्या पहाटे कर्णा नाही. डोळे सवयीनं उघडतात, हात उशाखालच्या टाळांकडे जातो, आणि मग आठवतं : आज चालायचं नाही.

कालची एकादशी अंगातून उतरलेली नसते. पुणे ते सासवड, मध्ये दिवेघाट, जवळपास 30 किलोमीटर. आळंदी-पंढरपूर वाटेवरची ही सगळ्यांत लांबची चाल, आणि तीही उपवासाच्या पोटी. ज्यानं कुणी हा जास्तीचा दिवस इथंच ठेवला, त्याला माणसाचे पाय ठाऊक असणार. राहुटीत सकाळभर पायांचाच दरबार भरतो. कुणी तळव्याला तेल चोळतं, कुणी फोडातून सुईदोरा ओवून पाणी काढतं, कुणी घमेल्यात गरम पाणी घेऊन बसतं. कऱ्हेला पाणी असेल तर कऱ्हेत, नाहीतर टँकरखाली धुणी होतात. लुगडी ट्रकच्या फाळक्यांवर वाळत पडतात आणि पावसाची सर आली की सगळा तळ उठून धावतो. दुपारी बारस सोडायची पंगत. वाढपी आग्रह करून वाढतात आणि कुणीही नको म्हणत नाही.

मला या दिवसाचं सगळ्यांत मोठं देणं वाटतं ते माणसांचं. दिंडीत चालताना पुढच्याची पाठ दिसते, पताका दिसते, डोक्यावरची तुळस दिसते. मुक्कामात तोंडं दिसतात. चार दिवस जिला नुसतं ‘माउली’ म्हणत होतो, ती परभणीकडची, तिच्या सासूची वारी तिच्याकडे आलेली, हे इथं पाय चेपता चेपता कळतं. हा दिवस गाळून वारी लवकर पोचवता येईल असं म्हणणारे भेटतात. पोचायचंच असेल तर एसटी सकाळी निघून दुपारी पंढरपुरात सोडते. तिच्यातून उतरलेल्याला ही माणसं कुठून भेटावीत?

शिवाय हे गाव धाकट्या भावाचं. ज्ञानेश्वरांनी आळंदीत समाधी घेतली, त्यानंतर महिन्याभरात सोपानदेवांनी इथं. थोरला वाटेत धाकट्याकडे थांबतो, आणि बहुतेक वर्षी याच द्वादशीला सोपानकाकांची पालखी पंढरपूरकडे निघते. आपण अंग टाकून बसलेलो, आणि गावातून टाळांचा गजर उठतो. दुखऱ्या पायांनीही माणसं निरोप द्यायला जातात. मला तिथं दर वेळी भरून येतं. थांबलेल्या सोहळ्याच्या डोळ्यांदेखत दुसरी वारी चालू लागते.

संध्याकाळी परभणीच्या बाईंनी घरी फोन लावला. आषाढी जवळ आलेली, आणि निघताना रान कोरडंच होतं.

“पाऊस झाला का? वाफसा आलाय? मग थांबलायत कशाला, पेरा ना!”

फोन ठेवून त्यांनी राहुटीला सांगितलं, “आमच्याकडं झाला.” लगेच पलीकडून विचारणा झाली, किती झाला, ओढ्याला पाणी आलं का, काय पेरणार? सोयाबीन की कापूस यावरून तिथं जो वाद रंगला, तो हरिपाठाला टाळ वाजेपर्यंत मिटला नव्हता.